बर्फावरील हॉकीचा एक हंगाम

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, पांढरा चेंडू आणि मेजर ध्यानचंदांची काठी उभी राहते. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या मुलखात वर्षातील चार-चार महिने नद्या आणि तळी गोठून दगडासारखी होतात, तेथे हॉकी हा शब्द उच्चारला असता कोणाला गवत आठवत नाही, बर्फ आठवतो. कॅनडा हा असा मुलूख आहे. आपल्या हॉकीला तेथे 'मैदानी' हे विशेषण लावावे लागते. बर्फावरच्या हॉकीला काहीच लावावे लागत नाही.

लडाखसारखा एखादा प्रदेश सोडला तर आपल्या देशात हा खेळ फारसा कोणी पाहिलेला नाही. मग भर वसंतात, दुपारी अंगाची काहिली होत असताना, आम्ही बर्फावरच्या खेळाची हकीकत का सांगावी? श्रोत्यांना थोडा गारवा मिळावा एवढाच हेतू असता तर पन्ह्याचा पेला अधिक उपयोगी पडला असता. आमचा हेतू निराळा आहे. मॉन्ट्रियल शहरातील 'कनेडियन्स' या व्यावसायिक संघाच्या १९५४-५५ च्या हंगामाची ही हकीकत आहे. त्या हंगामात एका खेळाडूला शिक्षा झाली. शिक्षा देणाऱ्यापाशी नियम होता, अधिकार होता आणि पुरावाही होता. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी रात्री एका मोठ्या शहराचा भर बाजारपेठेचा रस्ता फुटलेल्या काचांनी भरून गेला. असे का व्हावे? नियमाला धरून दिलेला निवाडा लोकांना न्याय का वाटू नये? हा प्रश्न खेळाच्या कुंपणात मावणारा नाही, म्हणूनच तो येथे मांडावासा वाटतो.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. बर्फाचे पटांगण सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते आणि त्याच्या भोवती लाकडी कठडा असतो. प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एका वेळी उतरतात. त्यांत एक गोलरक्षक. पायांत पोलादी पात्याचे स्केट, हातात वाकड्या टोकाची काठी. चेंडूच्या जागी कठीण रबराची एक काळी चकती असते. तिला 'पक' म्हणतात. ती तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची असते, आणि उसळू नये म्हणून खेळापूर्वी ती गोठवून घेतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळाचा वेग इतका असतो की एक-दीड मिनिटात गडी दमतो, आणि खेळ न थांबवताच त्याच्या जागी दुसरा गडी कठड्यावरून उडी मारून आत येतो.

अंगाला अंग भिडवणे या खेळात गुन्हा नाही. उलट ते एक कौशल्य आहे. मर्यादा ओलांडली तर पंच खेळाडूला दोन किंवा पाच मिनिटे बाहेर बसवतो, आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. आम्ही सांगत आहो त्या काळी खेळाडूंच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे आणि गोलरक्षकाच्या तोंडावर जाळीही नसे. मॉन्ट्रियलचाच गोलरक्षक जाक प्लांत याने १ नोव्हेंबर १९५९ रोजी, चकती लागून चेहरा फाटल्यावर, सामन्यात मुखवटा घालण्याचा आग्रह धरला, आणि तेव्हापासून हळूहळू ती प्रथा पडली. एवढ्यावरून खेळ किती दांडगा होता याची कल्पना यावी.

आता हंगामाचे गणित. त्या वेळी 'नॅशनल हॉकी लीग' या संस्थेत सहाच संघ होते: मॉन्ट्रियल, टोरोंटो, डेट्रॉइट, बॉस्टन, न्यूयॉर्क आणि शिकागो. आज ही संख्या ३२ झाली आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत प्रत्येक संघ ७० सामने खेळे. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. सहापैकी वरचे चार संघ स्टॅन्ले चषकाच्या फेरीस पात्र होत. हा चषक कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ साली देऊ केलेला. त्याच्या फेरीतली प्रत्येक लढत सात सामन्यांची. जो चार जिंकेल तो पुढे. लढत सातव्या सामन्यापर्यंत गेली तर तो सामना गुणांत वरचढ असलेल्या संघाच्या गावी होई. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हे झाले कागदावरचे गणित. पण मॉन्ट्रियलचा संघ समजायचा तर मॉन्ट्रियल शहर समजले पाहिजे. क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंच भाषा बोलणारा प्रांत. अठराव्या शतकात तो फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेला. लोक तेच राहिले, भाषा तीच राहिली, देवळे तीच राहिली. परंतु पेढ्या, गिरण्या, रेल्वे आणि विमा कंपन्या यांच्या वरच्या खुर्च्यांवर इंग्रजी बोलणारे बसले. मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच भाषक, पण बढती हवी असेल तर साहेबाशी इंग्रजीत बोलावे लागे. पुढे नेमलेल्या एका शाही आयोगाने १९६१ च्या जनगणनेवरून हिशेब मांडला, तेव्हा क्वेबेकमधील फ्रेंच वंशाच्या पुरुषाची सरासरी कमाई ब्रिटिश वंशाच्या पुरुषाच्या कमाईच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. आपल्याच प्रांतात, आपल्याच शहरात, बहुसंख्य असूनही आपण दुय्यम आहो ही जाणीव माणसाला कशी टोचते, हे महाराष्ट्रातील वाचकांना फार विस्ताराने सांगावयास नको.

कनेडियन्स संघ १९०९ साली स्थापन झाला तोच मुळी फ्रेंच भाषकांना आपला वाटेल असा संघ हवा म्हणून. शहरातील इंग्रजी लोकांचा 'मरून्स' नावाचा निराळा संघ होता. तो १९३८ साली बंद पडला. त्यानंतर कनेडियन्स हाच अवघ्या शहराचा संघ झाला. त्याचे इंग्रजी चाहतेही पुष्कळ होते, आणि संघात इंग्रजी नावांचे उत्तम खेळाडू होते. बचावाच्या फळीत डग हार्वेसारखा माणूस त्या काळी दुसरा नव्हता. तथापि फ्रेंच माणसाचा या संघावरचा जीव काही और होता. कचेरीत, बँकेत, बाजारात त्याला जे मिळत नव्हते ते शनिवारी रात्री फोरम नावाच्या क्रीडागृहात मिळे: आपल्या माणसाचा विजय.

आणि तो आपला माणूस म्हणजे मॉरिस रिशार. त्याचा जन्म १९२१ चा. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला. त्याने स्वतःही यंत्रकामाचे शिक्षण घेतले होते. १९४२ साली तो संघात आला तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते. पहिल्याच हंगामात पाय मोडला. याची हाडे ठिसूळ, हा टिकणार नाही, असे जाणते लोक म्हणू लागले. या मनुष्याने १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल केले. तोपर्यंत असे कोणी केले नव्हते. त्याच हंगामातली एक हकीकत मॉन्ट्रियलमध्ये घरोघर सांगितली जाई. २८ डिसेंबर १९४४ रोजी रिशारने बिऱ्हाड बदलले. दिवसभर सामान उचलून तो संध्याकाळी फोरमवर आला, आज माझ्याकडून फार अपेक्षा करू नका असे सोबत्यांना म्हणाला, आणि त्या रात्री त्याने पाच गोल स्वतः केले व तिघांना साहाय्य केले! चकती घेऊन तो गोलाकडे झेपावे तेव्हा त्याचे डोळे निखाऱ्यासारखे दिसत, असे त्याच्यापुढे उभे राहिलेले गोलरक्षक सांगत. लोक त्याला 'रॉकेट' म्हणत. बर्फाबाहेर तो अबोल आणि संकोची होता. कदाचित म्हणूनही तो लोकांना अधिक जवळचा वाटला असेल. जे बोलता येत नाही ते तो खेळून दाखवी.

परंतु या कथेच्या नायकाला आम्ही निष्कलंक करू इच्छीत नाही. रिशारचा राग भयंकर होता. प्रतिपक्षाचे खेळाडू हे जाणून त्याला डिवचीत, त्याच्या अंगाला लटकत, काठ्या मारीत, त्याच्या भाषेवरून आणि वंशावरून शिव्या देत. कारण साधे होते: रॉकेट बाहेर बसला की मॉन्ट्रियल अर्धे झाले. रिशार बहुधा सापळ्यात सापडे. हात उचलणारा दिसतो, डिवचणारा दिसत नाही. आणि दंड दिसणाऱ्याला होतो. असे कितीतरी दंड त्याने भरले होते.

या दंडांच्या दुसऱ्या टोकाला लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल होते. हे गृहस्थ विद्वान, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले, पेशाने वकील. महायुद्धानंतर युद्धगुन्हेगारांवरील खटल्यांच्या कामातही त्यांचा भाग होता. तरुणपणी त्यांनी या खेळात पंचगिरीही केली होती. त्यांची कचेरी मॉन्ट्रियलमध्येच, एका विमा कंपनीच्या भव्य इमारतीत. म्हणजे फ्रेंच कामगाराच्या दृष्टीने रोज दिसणारा साहेब जसा असतो, नेमके तसेच त्यांचे रूप होते. रिशार एका साप्ताहिकात आपल्या नावाने सदर चालवी. जानेवारी १९५४ मध्ये त्यात त्याने कॅम्बेल यांना हुकूमशहा म्हटले. फ्रेंच खेळाडूंना एक न्याय आणि इतरांना दुसरा, असा त्याचा आरोप होता. परिणाम काय झाला? त्याला माफी मागावी लागली, सदर बंद करावे लागले आणि चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून एक हजार डॉलर ठेवावे लागले. कागदावर प्रकरण मिटले. लोकांच्या मनात ते मिटले नाही.

अशा पार्श्वभूमीवर १९५४ च्या शरदात हंगाम सुरू झाला. संघ बहारीत होता. रिशारच्या जोडीला बर्नी जोफ्रियाँ होता. त्याचा फटका इतका जोराचा की कठड्यावर आदळलेल्या चकतीचा आवाज साऱ्या क्रीडागृहात घुमे. जाँ बेलिव्हो होता. उंच, देखणा आणि शांत. या बेलिव्होला व्यावसायिक व्हायचेच नव्हते, तेव्हा मॉन्ट्रियलच्या चालकांनी तो ज्या हौशी लीगमध्ये खेळत होता ती लीगच विकत घेतली आणि व्यावसायिक करून टाकली, अशी त्याच्या आगमनाची कथा. १८ डिसेंबर १९५४ रोजी रिशारने आपला ४०० वा गोल केला. हा आकडा गाठणारा तो लीगमधील पहिला खेळाडू. पण त्याच महिन्याच्या अखेरीस टोरोंटोच्या सामन्यात मारामारी झाली आणि सोडवायला आलेल्या लाइन्समनला, म्हणजे पंचाच्या साहाय्यकाला, त्याने हातमोज्याने मारले. दंड २५० डॉलर. ही एक सूचना होती.

मार्च उजाडला तेव्हा मॉन्ट्रियल आणि डेट्रॉइट यांच्यात पहिल्या स्थानासाठी चुरस होती. वैयक्तिक गुणांत रिशार सर्वांच्या पुढे होता. या लीगमध्ये गोल करणाऱ्याला एक गुण आणि गोलाला साहाय्य करणाऱ्यालाही एक गुण मिळतो. हंगामात सर्वाधिक गुण मिळवण्याचा मान इतक्या वर्षांत रिशारला एकदाही लाभला नव्हता. या वेळी तो हाताशी आला होता.

१३ मार्च १९५५. बॉस्टन येथे सामना चालू होता. बॉस्टनचा हॅल लेको हा पूर्वी मॉन्ट्रियललाच खेळलेला, म्हणजे रिशारचा एकेकाळचा सहकारी. त्याची काठी रिशारच्या डोक्याला लागली आणि रक्त वाहू लागले. पंचाने चुकीची खूण केली, परंतु चकती मॉन्ट्रियलकडे असल्यामुळे नियमाप्रमाणे खेळ चालू ठेवला. शिटी वाजली तेव्हा रिशारने डोक्याला हात लावून पाहिला, हात लाल झालेला दिसला आणि तो लेकोवर धावून गेला. त्याने काठीने त्याला मारले. लोकांनी धरले तरी तो सुटला, पुन्हा मारले. अखेर लाइन्समन क्लिफ थॉम्पसन यांनी त्याला आवळून धरले, तेव्हा वळून त्याने त्यांच्या तोंडावर दोन ठोसे दिले. सामना संपल्यावर बॉस्टनचे पोलीस त्याला पकडायला आले. सोबत्यांनी खोलीचे दार अडवून धरले.

१६ मार्च रोजी कॅम्बेल यांच्या कचेरीत चौकशी झाली. रिशारच्या बाजूने सांगण्यात आले की डोक्याच्या जखमेने तो भ्रमिष्टासारखा झाला होता आणि थॉम्पसन हे बॉस्टनचेच कोणी खेळाडू आहेत असे त्याला वाटले. कॅम्बेल यांनी ते मानले नाही. तीन महिन्यांच्या आत पंचांच्या माणसावर हात उचलण्याची ही दुसरी वेळ होती. निवाडा असा: रिशारला हंगामाच्या उरलेल्या सर्व सामन्यांतून आणि चषकाच्या संपूर्ण फेरीतूनही बाहेर काढण्यात येत आहे.

हा निवाडा चूक होता काय? पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा नसेल तर खेळ उरत नाही, आखाडाही उरत नाही. राहते ती केवळ हाणामारी. इतर शहरांतील संघांचे मालक तर म्हणत होते की याहून कडक शिक्षा हवी होती. नियमाच्या पुस्तकातून पाहिले तर कॅम्बेल यांच्या निवाड्याला आधार होता. पण मॉन्ट्रियलचा सामान्य माणूस नियमाचे पुस्तक उघडून बसला नव्हता. त्याच्या मनात दुसरेच पुस्तक उघडले गेले होते. त्यात बारा वर्षांच्या शिव्या होत्या, न दिसलेल्या काठ्या होत्या, बंद पाडलेले सदर होते. आणि त्यापलीकडे कारखान्यातला साहेब, भाषेमुळे अडलेली बढती, दुकानात फ्रेंच न समजणारा विक्रेता हेही होते. हे सर्व रिशारच्या खात्यावर कसे आले, असे कोणी विचारील. लोकमानस असेच चालते. अनेक लहान अपमानांची एकत्र बाकी निघते, आणि ती वसूल करण्याची वेळ एखाद्याच प्रसंगी येते. कॅम्बेल यांनी एका गुन्ह्याचा निवाडा दिला. लोकांनी तो आपल्यावर दिलेला निवाडा म्हणून ऐकला.

दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, फोरममध्ये सामना होता आणि तोही डेट्रॉइटशीच. दोन्ही संघांचे गुण सारखे. कॅम्बेल यांना फोनवर धमक्या येत होत्या. सामन्याला जाऊ नये असे त्यांना सुचवण्यातही आले. ते गेले. यात धैर्य होते, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याने निवाडा दिला त्याने तोंड लपवून बसावे काय, असे त्यांना वाटले असेल. पण धैर्य आणि तारतम्य या दोन गोष्टी दरवेळी हातात हात घालून येत नाहीत. पहिला डाव अर्धा झाला असताना ते येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसले. तेवढ्यात डेट्रॉइटचे गोल होऊ लागले होते. रिशार स्वतः नागरी पोषाखात प्रेक्षकांत बसून हे पाहत होता. वरच्या रांगांतून कॅम्बेल यांच्यावर अंडी, टोमॅटो, हाती लागेल ते येऊ लागले. एक मनुष्य हात मिळवण्याच्या मिषाने पुढे झाला आणि त्याने त्यांच्या तोंडावर मारले. पहिला डाव संपला तेव्हा फलकावर डेट्रॉइट चार, मॉन्ट्रियल एक. इतक्यात कोणीतरी अश्रुधुराचा गोळा फोडला. चेंगराचेंगरी टाळण्यासाठी क्रीडागृह रिकामे करण्याचा हुकूम निघाला, आणि कॅम्बेल यांनी तेथूनच चिठ्ठी पाठवून सामना डेट्रॉइटला बहाल केला.

आतील हजारो माणसे डोळे चोळीत बाहेर आली. बाहेर आधीच हजारो जमली होती. पुढचे काही तास सँत कॅथरीन रस्त्यावर काचा फुटत होत्या, दुकाने लुटली जात होती, मोटारी उलथत होत्या. दंगल मध्यरात्रीनंतर बऱ्याच वेळाने निवली. मृत्यू कोणाचा झाला नाही ही दैवाचीच कृपा. परंतु ३७ माणसे जखमी झाली, त्यांत १२ पोलीस होते. नुकसानीचा अंदाज एक लाख डॉलरचा होता. ज्यांची दुकाने फुटली त्या दुकानदारांनी रिशारचे काही वाकडे केले नव्हते. दंगलीला आपला-परका कळत नाही, हा अनुभव सर्व देशांत एकच आहे.

त्यानंतरच्या दिवशी रिशार आकाशवाणीवरून बोलला, फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही. त्याने लोकांना शांत राहण्याची, संघाच्या पाठीशी उभे राहण्याची विनंती केली. आपण शिक्षा स्वीकारतो आणि पुढच्या वर्षी परत येऊन चषक जिंकायला मदत करू, असे सांगितले. शहर शांत झाले. ज्या माणसाला आपला राग कधी आवरता आला नाही त्याने शहराचा राग आवरला! या हंगामातला हा आम्हांस सर्वांत विलक्षण क्षण वाटतो. अधिकाऱ्याच्या शब्दाने जे झाले नाही ते विश्वासाच्या शब्दाने झाले.

आता हंगामाचा हिशेब पाहू. उरलेल्या दोन सामन्यांपैकी मॉन्ट्रियलने न्यूयॉर्कला हरवले आणि डेट्रॉइटशी ते हरले. अखेरचा तक्ता असा: डेट्रॉइट ४२ विजय, १७ पराभव, ११ बरोबरी, गुण ९५; मॉन्ट्रियल ४१ विजय, १८ पराभव, ११ बरोबरी, गुण ९३. फरक अवघ्या दोन गुणांचा, म्हणजे एका सामन्याचा. १७ मार्चचा सामना मॉन्ट्रियलने जिंकला असता तर हे आकडे नेमके उलट झाले असते. चार-एक अशा पिछाडीवरून तो जिंकला गेला असता की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पण चाळीस मिनिटांचा खेळ बाकी होता आणि तो खेळला गेला नाही एवढे खरे.

मघाशी वाचकांना जी गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली होती तिचे काम आता पडते. चषकाच्या अंतिम लढतीत हेच दोन संघ समोरासमोर आले. सात सामने झाले, आणि सातही सामन्यांत ज्याचे गाव त्याचाच विजय झाला. सातवा सामना, १४ एप्रिलचा, डेट्रॉइटमध्ये होता, कारण डेट्रॉइटचे गुण दोनने अधिक होते. तो त्यांनी तीन-एक असा जिंकला. आपल्या नायकासाठी जी गर्दी उठली तिनेच कदाचित आपल्या संघाचे अंगण गमावले. अर्थात रिशार नसताना सातव्या सामन्यापर्यंत गेलेला संघ त्याच्यासह काय करता, हा प्रश्नही तेवढाच खरा आहे.

आणखी एक नोंद या हिशेबात केली पाहिजे, आणि ती करताना वाईट वाटते. रिशारचे गुण ७४ वर थांबले होते. उरलेल्या सामन्यांत जोफ्रियाँने ७५ गुण केले आणि तो मान त्याला मिळाला. फोरममधील लोकांनी आपल्याच संघाच्या, आपल्याच भाषेच्या या खेळाडूची हुर्यो केली. त्याने काय करावयास हवे होते? समोर गोल उघडा दिसत असताना, संघ पहिल्या स्थानासाठी झगडत असताना, हात आखडता घ्यावा? जोफ्रियाँने आपले कर्तव्य केले आणि त्याची शिक्षा भोगली. अन्यायाविरुद्ध उठलेला समुदाय किती सहज दुसरा अन्याय करून बसतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. रिशारला तो मान पुढेही कधी मिळाला नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. हंगामानंतर प्रशिक्षक डिक अर्व्हिन गेले. त्यांच्या जागी रिशारचा जुना जोडीदार टो ब्लेक आला. हा दोन्ही भाषा बोलणारा मनुष्य. रिशारला सांभाळू शकेल म्हणूनही त्याची निवड झाली. रिशारने शब्द पाळला. १९५६ चा चषक मॉन्ट्रियलने जिंकला, आणि १९५७, ५८, ५९, ६० चाही. सलग पाच! आजपर्यंत दुसऱ्या कोणत्याही संघाला हे साधलेले नाही. १९६० साली ५४४ गोलांवर रिशार निवृत्त झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये क्वेबेकमध्ये सत्तांतर झाले, आणि शिक्षण, वीज, भाषा, कारभार या सर्व क्षेत्रांत फ्रेंच समाजाने आपल्या घराचा ताबा घेण्यास आरंभ केला. त्या परिवर्तनाला तेथे 'शांत क्रांती' म्हणतात. १९७७ साली फ्रेंच भाषेचा सनदी कायदा झाला. १७ मार्चची दंगल हा या क्रांतीचा पहिला सूर, असे पुष्कळ लोक म्हणतात. दंगलीनंतर चारच दिवसांनी पत्रकार आंद्रे लोरांदो यांनी लेख लिहून, हा राग एका खेळाडूपुरता नाही, हे दाखवून दिले होते. आम्ही मात्र या विधानाला थोडी मुरड घालू. काचा फोडल्याने शाळा निघत नाहीत आणि कारखान्याच्या वरच्या खुर्च्या मिळत नाहीत. ते काम नंतर शिक्षकांनी, कामगार संघटनांनी, विधिमंडळाने, लेखकांनी वर्षानुवर्षे केले. दंगलीने एवढेच केले: घरात आग धुमसत आहे हे ज्यांना दिसत नव्हते त्यांना धूर दाखवला.

रिशार स्वतः कधी राजकारणाची भाषा बोलला नाही. मी फक्त हॉकी खेळणारा माणूस आहे, अशीच त्याची वृत्ती होती. २७ मे २००० रोजी तो वारला, तेव्हा क्वेबेक सरकारने त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. हा मान प्रांतात त्यापूर्वी कोणा खेळाडूला मिळाला नव्हता. त्याच्या अंत्यदर्शनाला एक लाखाहून अधिक माणसे लोटली. त्यांतील कित्येकांनी त्याला खेळताना पाहिलेही नसेल.

मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आम्हांस असे वाटते की न्यायाला दोन पाय असतात. एक नियमाचा, दुसरा विश्वासाचा. कॅम्बेल यांचा नियमाचा पाय घट्ट होता. विश्वासाचा पाय मात्र एका रात्रीत दुबळा झालेला नव्हता. वर्षानुवर्षे त्याची उपेक्षा झाली होती, आणि तीही केवळ त्यांच्या हातून नव्हे. ज्या समाजाला आपले गाऱ्हाणे कोठे ऐकले जात नाही असे वाटते, त्याला योग्य शिक्षासुद्धा अपमानासारखी लागते. म्हणून निवाडा देणाऱ्याने निवाड्याच्या दिवशी निःपक्षपाती असणे पुरेसे नाही. त्याआधीच्या सगळ्या दिवशी तो तसा दिसावा लागतो. आणि निवाडा सोसणाऱ्या समाजालाही हे समजावे लागते की रागाच्या भरात पहिला घाव बहुधा आपल्याच घरावर पडतो, आपल्याच दुकानदारावर, आपल्याच जोफ्रियाँवर.

सत्तर सामन्यांच्या त्या हंगामात मॉन्ट्रियलला दोन गुण कमी पडले. ते दोन गुण शहराने पुष्कळ वर्षे मोजले. पुढच्या मार्च महिन्यात मात्र बर्फावर रॉकेट होता, फोरम भरलेला होता आणि मॉन्ट्रियलचे गुण होते १००.